बुलेटचे हेड आणि वाळूचा पोर्ट

गेल्या वर्षी जुलैच्या शेवटी मी माझ्या बुलेटसाठी स्वतः ओतून घेतलेले पहिले सिलिंडर हेड (इंजिनाच्या सिलिंडरवरचे झाकण) बँडसॉवर धरून मधोमध कापले. बाहेरून ते देखणे उतरले होते. सगळ्या फिन (हवेने थंड होण्यासाठीच्या पातळ पट्ट्या) पूर्ण भरल्या होत्या, कडा स्वच्छ होत्या, आणि वजनकाट्यावरही ते हिशेबाप्रमाणे भरले होते. कापल्यावर मात्र दिसले की इनलेट पोर्ट (हवा-पेट्रोलचे मिश्रण आत येण्याची वाट) आणि पुशरॉडचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचा) बोगदा यांच्यामध्ये कागदावर पाच मिलिमीटरची असलेली भिंत प्रत्यक्षात जेमतेम दोन मिलिमीटरची उरली होती, आणि तिच्यातही टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे होती. चार महिने संगणकावर घासूनपुसून आखलेला पोर्ट मी काढला होता तिथे नव्हताच.

गाडी साधी आहे : लोखंडी बॅरलची बुलेट ३५०, पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०, एकूण ३४६ सीसी. या इंजिनाचा मूळ आराखडा १९४० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात रेडिचला झाला आणि १९५५ पासून मद्रासमध्ये या गाड्या तयार होऊ लागल्या. युद्धानंतरच्या इंग्लंडात मिळणारे पेट्रोल इतक्या हलक्या प्रतीचे होते की कम्प्रेशन (पिस्टन मिश्रण जितके पट दाबतो ते प्रमाण) वाढवण्याचा विचारच करता येत नसे, आणि त्या अडचणीची छाप या हेडवर पुढची अनेक दशके राहिली. आज आपल्याकडचे साधे पेट्रोलही किमान ९१ ऑक्टेनचे, म्हणजे जास्त दाब सोसणारे, असते. मग त्या जुन्या मर्यादेत या इंजिनाने का राहावे, एवढाच माझा प्रश्न होता. मी गोकुळ शिरगावात एक छोटे मशीन शॉप सांभाळतो, त्यामुळे मशीनिंगची धास्ती नव्हती. आणि कोल्हापुरात राहून ओतकामाची भीती बाळगणे म्हणजे पाण्यात राहून पोहायला घाबरण्यासारखे आहे, असा माझा तेव्हाचा (भाबडा) समज होता.

आराखडा करताना सगळ्यात आधी एक बंधन मान्य केले. रॉकरचे ठोकळे, स्टडच्या जागा आणि व्हॉल्व्हच्या टोकांच्या जागा मूळच्याच ठेवायच्या, म्हणजे हेड फसले तर जुने हेड पुन्हा चढवून दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल. दुसरा स्पार्क प्लग बसवण्याचा मोहही आवरावा लागला, कारण या इंजिनात डावीकडे प्लग असतो आणि उजवीकडे, जिथे दुसरा बसवता आला असता, नेमके पुशरॉडचे बोगदे जातात. त्यामुळे बदलण्याजोग्या तीनच गोष्टी उरल्या : इनलेट पोर्टचा मार्ग, ज्वलनकक्षाचा आकार आणि फिनचा पसारा.

पोर्ट किती मोठा करावा याबद्दल गॅरेजमध्ये सहसा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे होईल तेवढा. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे शाळेतल्या गणितानेही कळते. ५,५०० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) ९० मिलिमीटर स्ट्रोकच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटर होतो. पिस्टनचे क्षेत्रफळ ३,८४८ चौरस मिलिमीटर आणि २८ मिलिमीटर व्यासाच्या पोर्टचे ६१६, म्हणजे सव्वासहा पट फरक. तेव्हा त्या पोर्टमधून जाणाऱ्या हवेचा सरासरी वेग सेकंदाला शंभर मीटरच्या किंचित पुढे जातो, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी हा आकडा अगदी योग्य पट्ट्यातला आहे. मूळ २४ मिलिमीटरच्या कार्बोरेटरमधून त्याच वेगाला हवेला १४० मीटरने पळावे लागते, म्हणून तिथे इंजिनाचा श्वास कोंडतो. उलट पोर्ट ३४ मिलिमीटरचा केला तर हवा सत्तर मीटरच्या आत रेंगाळते, खालच्या आरपीएमला मिश्रण नीट मिसळत नाही आणि गाडी चौकातून सुटताना रडते. मी पोर्ट २८ चा ठरवला, पाचशे सीसीच्या बुलेटला येणारा २८ मिलिमीटरचा कार्बोरेटर घेतला आणि इनलेट व्हॉल्व्ह ३४ चा.

यापुढे आरपीएम वाढवण्यात अर्थही नव्हता. या जुन्या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला रोलर बेअरिंग नसून तरंगता बुश असतो, आणि तो ५,५०० च्या पुढे किती दिवस सोबत करील याची खात्री कोणताही समंजस मेकॅनिक देत नाही. हेड कितीही चांगले झाले तरी मालक खाली बसलेला तो बुशच.

ज्वलनकक्षात मी एकच बदल केला. प्लगच्या समोर, म्हणजे उजव्या बाजूला, चंद्रकोरीच्या आकाराची एक सपाट पट्टी ठेवली. पिस्टन वर आल्यावर तिच्यात आणि पिस्टनमध्ये एक मिलिमीटरची फट उरते आणि तिथले मिश्रण पिचकारीसारखे प्लगकडे फेकले जाते. इंजिन ठोकू लागण्याची (मिश्रण आपोआप भडकण्याची) सवय यामुळे कमी होते, ही गोष्ट हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर साइड व्हॉल्व्ह इंजिनांवर सिद्ध केली होती. कम्प्रेशन साडेआठास एक हवे असेल तर पिस्टन वरच्या टोकाला असताना एकूण ४६ सीसी जागा उरली पाहिजे, हा आकडा मी शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आणि तो अजून तिथेच आहे.

इथपर्यंतचे काम खुर्चीत बसून झाले. पुढचे शिवाजी उद्यमनगरातल्या एका पॅटर्नवाल्या (वाळूत ठसा उमटवायचा लाकडी नमुना करणाऱ्या) मेस्त्रींच्या ओट्यावर.

फिन असलेले हेड वाळूत कसे झोपवायचे हा पहिला पेच असतो. बुलेटच्या हेडच्या फिन आडव्या असतात, म्हणजे हेड उभे ठेवून पॅटर्न वर ओढला तर प्रत्येक फिन वाळूला घेऊनच वर येईल. म्हणून हेड कुशीवर झोपवायचे आणि पॅटर्नचे डावा-उजवा असे दोन भाग करायचे, म्हणजे फिन वाळूत उभ्या राहतात आणि पॅटर्न सरळ निघतो. या मांडणीत पुढचा एक्झॉस्ट पोर्ट आणि मागचा इनलेट पोर्ट हे दोन्ही, वाळूच्या दोन पेट्यांच्या जोडरेषेवर येतात, त्यामुळे त्यांचे कोअर (पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे आकार) तिथे आडवे ठेवता येतात. हे मला मेस्त्रींनी हातातल्या काडेपेटीचे दोन भाग करून पाच मिनिटांत समजावले. संगणकावर मी हेच आठवडाभर फिरवून पाहत होतो.

मेस्त्रींनी सागवानात केलेला पॅटर्न सुंदर होता, पण मोजमाप घेतल्यावर तो सगळीकडे किंचित लहान भरला. कारण शोधायला वेळ लागला नाही. धातू थंड होताना आक्रसतो म्हणून पॅटर्न त्या प्रमाणात मोठा करावा लागतो आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांकडे वेगळी, ताणलेली पट्टी असते. कोल्हापूर हे लोखंडी ओतकामाचे गाव आहे. बिडाच्या कास्टिंगसाठी ही वाढ सुमारे एक टक्का धरतात आणि ॲल्युमिनियमसाठी सुमारे १.३ टक्के. मेस्त्रींचा हात सवयीने बिडाच्या पट्टीकडे गेला होता. १५० मिलिमीटरवर फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही, मशीनिंगसाठी मी तीन मिलिमीटर जास्तीचे ठेवले होते, त्यामुळे पॅटर्न तसाच वापरता आला. फक्त कोअर बॉक्स (कोअर घडवायचे साचे) मात्र नव्या पट्टीने करून घेतले, कारण पोर्टच्या आत नंतर धातू वाढवता येत नाही.

आता त्या कापलेल्या हेडकडे. हेडमधला पोर्ट धातू कोरून होत नाही. पोर्टच्या आकाराचा वाळूचा कोअर साच्यात ठेवतात, धातू त्याच्याभोवती भरतो आणि नंतर वाळू फोडून काढली की उरते ती पोकळी. म्हणजे इंजिन ज्या वाटेने श्वास घेणार, ती वाट आधी वाळूची असते. माझा इनलेटचा कोअर एका टोकाला साच्यात रुतलेला होता आणि दुसरे टोक, जिथे व्हॉल्व्हची वाटी येते, अधांतरी होते. मी गृहीत धरले होते की एका टोकाचा आधार पुरेसा आहे, वाळू जड आहे, ती फार तर खाली झुकेल. मेस्त्रींनी कापलेले हेड हातात घेऊन उलटसुलट पाहिले, भिंतीची जाड बाजू आणि पातळ बाजू अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाले, "ॲल्युमिनियम हलकं, म्हणून कोअर वर येणार न्हाई असं वाटलं व्हय तुमास्नी? वाळू त्याच्याहून हलकी. लाकूड पाण्यात दाबून बघा की."

हिशेब खरोखरच एवढा सोपा होता. वितळलेल्या ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या सुमारे २.४ पट, कोअरच्या वाळूची सुमारे दीड-पावणेदोन पट. धातू भरला की कोअर तरंगू पाहतो, आणि एकाच टोकाला धरलेला असेल तर मोकळे टोक वर उचलले जाते. हेड कुशीवर झोपवताना मी उजवी बाजू वर ठेवली होती, म्हणून पोर्ट उजवीकडे, नेमका पुशरॉडच्या बोगद्याकडे सरकला. डावी बाजू वर ठेवली असती तर तो तितकाच सरकला असता, पण तिकडे भरपूर धातू असल्यामुळे मला बहुधा कधीच कळले नसते. हा विचार मला त्या पातळ भिंतीपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

दुरुस्तीसाठी आराखडाच बदलावा लागला. इनलेटच्या कोअरला मी व्हॉल्व्हच्या वाटीतून खाली ज्वलनकक्षापर्यंत एक मान वाढवली आणि ती मान ज्वलनकक्षाच्या कोअरमधल्या खाचेत बसवली, म्हणजे पोर्टच्या कोअरला दोन्ही टोकांना आधार मिळाला. त्या मानेचा व्यास सीटपेक्षा (व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो त्या कडीपेक्षा) लहान ठेवला, जेणेकरून सीट बसवताना तो भाग मशीनिंगमध्ये निघून जाईल. पण या मानेसाठी पोर्टचे शेवटचे वळण मला थोडे सरळ करावे लागले. गंमत अशी की संगणकावर ज्या वळणावर मी सर्वाधिक वेळ घालवला होता, तेच हे वळण, आणि नंतर हवा सोडून पाहिल्यावर सरळ केलेला पोर्टच जास्त चांगला वाहिला.

छिद्रांचे कारण वेगळे होते आणि त्यात माझा उतावीळपणा होता. वितळलेले ॲल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषते आणि घट्ट होताना तो बाहेर टाकते. जो बाहेर पडू शकत नाही तो छिद्रे होऊन आत राहतो. कोल्हापुरात जुलै महिन्यात भिंतीला हात लावला तरी तो ओला होतो. त्या दिवसांत वाळू ओली, मूस ओली, चिमटे ओले आणि इंगटही (ओतायच्या धातूच्या लाद्याही) रात्रभर पत्र्याच्या शेडमध्ये घाम फुटल्यासारखे पडलेले. लोखंडाच्या फौंड्र्या पावसाळ्यातही चालू असतात, म्हणून आपणही ओतू, या समजुतीने मी घाई केली. दुसरे ओतकाम दिवाळीनंतर केले.

त्या दरम्यान कोअरच्या वाळूचाही प्रश्न सुटला. धुतलेल्या सिलिका वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सोडला की कोअर मिनिटाभरात दगडासारखा होतो, ही सोय मोठी. पण ओतल्यानंतरही तो दगडच राहतो. ॲल्युमिनियमच्या ७२०-७३० अंशांत तो बंध पुरेसा मोडत नाही. पहिल्या हेडमधून वाळू काढताना मी सळई आणि हातोडी घेऊन दोन संध्याकाळी बसलो होतो. यावर जुना उपाय आहे तो साखर कारखान्यातल्या मळीचा. वाळूत थोडी मळी मिसळली की ती ओतकामाच्या उष्णतेत जळून जाते, मध्ये जागा राहते आणि कोअर ठिसूळ होतो. ज्या जिल्ह्यात ऊस आणि फौंड्री शेजारी शेजारी वाढले, तिथे ही युक्ती कुणाला तरी पुस्तकात वाचावी लागते याचे मेस्त्रींना फार हसू आले. मळीचा धूर मात्र जास्त होतो, म्हणून कोअरच्या पोटातून मेणाचा दोरा घालून ठेवला. कोअर तापवला की मेण वितळून जाते आणि वायू बाहेर पडायला आरपार नळी तयार होते.

दुसऱ्या वेळी धातूबद्दलही कंजुषी केली नाही. पहिल्यांदा मी भंगारातली अलॉय व्हील्स वापरण्याचा विचार करत होतो. ती बहुतेक वेळा चांगल्याच मिश्रधातूची असतात, पण रंग, ग्रीस आणि कुणाची कुठे डागडुजी झालेली, याचा भरवसा नाही. एलएम २५ चे इंगट विकत आणले, सात टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम असलेले, ज्यावर नंतर उष्णतेची प्रक्रिया करता येते. इंगट भट्टीच्या काठावर ठेवून आधी तापवून घेतले, मुशीत वायू काढणाऱ्या गोळ्या बुडवून ठेवल्या, वरची मळ हलक्या हाताने ओढली आणि पायरोमीटरवर ७२५ पाहून धातू सोडला. ओतणे स्वतः फार तर दहा-बारा सेकंदांचे असते. पहिल्यांदा रायझरमध्ये (साच्याच्या वर जादा धातूसाठी ठेवलेल्या जागेत) धातू वर येतो तेव्हा त्यावर एक पातळ कातडी थरथरते, दुधावरच्या सायीसारखी, आणि नंतर मधोमध हळूहळू खळगा पडू लागतो. तो खळगा म्हणजे हेडला लागणारा धातू रायझर पुरवतो आहे याची खूण. रायझर सपाट राहिला तर हेड कुठेतरी आतून रिकामे राहिले असे समजायचे. त्या दिवशी खळगा चांगला खोल पडला. एकूण नऊ किलो धातू ओतला, त्यातले साडेतीन किलो शेवटी हेड म्हणून उरले.

या खटाटोपात मला अधूनमधून न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांची आठवण येत असे. इन्व्हरकार्गिलमध्ये राहणाऱ्या या गृहस्थांनी १९२० सालची इंडियन स्काउट आयुष्यभर बदलत नेली, पिस्टन घरच्या शेडमध्ये जुन्या डब्यांत ओतले आणि १९६७ साली अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १८३ मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला. त्यांचे फुटलेले पिस्टन फळीवर मांडून ठेवलेले असत. माझ्या फळीवर सध्या एकच कापलेले हेड आहे.

उष्णतेच्या प्रक्रियेबद्दल थोडक्यात : ५३५ अंशांवर आठ तास, मग गरम पाण्यात बुडवणे, मग १६० अंशांवर पुन्हा दहा तास. थंड पाण्यात बुडवले तर पातळ फिनांना बाक येतो, म्हणून पाणी सत्तर अंशांचे. हे काम एका ओळखीच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांनी त्यांच्या इतर मालाबरोबर करून दिले. त्यानंतर पोर्टला रबरी बुचे लावून, आत थोडी हवा भरून हेड पाण्याच्या टबात बुडवले. एक बुडबुडा आला आणि माझा जीव वर गेला. पण तो बुचाच्या कडेचा निघाला.

व्हॉल्व्ह सीट बसवणे हे माझ्या हातचे काम होते, आणि इथे जी चूक होते ती हजार किलोमीटरनंतर दिसते. सीट बिडाची, हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. माझ्या सीटचा बाहेरचा व्यास ३८ मिलिमीटर; तापमान दोनशे अंशांनी वाढले तर हेडमधली जागा सीटपेक्षा सुमारे आठ शतांश मिलिमीटर जास्त मोठी होते. म्हणजे थंड असताना सीट किमान तेवढी तरी घट्ट हवी, नाहीतर चढावर गरम झालेल्या इंजिनात ती सैल होऊन गळून पडेल. मी बारा शतांशांचा ताण ठेवला. हेड भट्टीत १८० अंशांपर्यंत तापवले, सीट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या (घरात मटाराच्या पिशव्यांखाली त्या सापडल्यावर जे संभाषण झाले ते इथे देत नाही), आणि त्या आत टाकताना हातोडीची गरज पडली नाही. टक असा आवाज आला आणि दोन सेकंदांत त्या पक्क्या झाल्या.

बॅरलवर हेड बसवण्यापूर्वी ज्वलनकक्षावर ॲक्रिलिकची चकती ग्रीस लावून चिकटवली आणि ब्युरेटने रॉकेल सोडत मोजले. पिस्टनच्या वरची फट आणि गॅस्केट धरून बेरीज ४४ सीसी आली. खडूने लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोनने कमी, म्हणजे कम्प्रेशन ८.९ च्या जवळ. दोन पर्याय होते. बॅरलच्या खाली अर्ध्या मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा घातला तर हिशेब लगेच बसला असता, पण मग चंद्रकोरीच्या पट्टीची फटही दीड मिलिमीटर झाली असती आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती पिचकारीच मेली असती. म्हणून ग्राइंडर घेऊन प्लगच्या बाजूची भिंत थोडी थोडी खात गेलो, प्रत्येक वेळी पुन्हा रॉकेल मोजून. पाच फेऱ्यांनंतर ४६ ला अर्धा कमी आले, तिथे थांबलो.

गाडी जानेवारीत सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात पन्हाळ्याच्या चढावर नेली. पूर्वी वाघबीळच्या पुढे जिथे तिसरा गिअर घ्यावा लागे तिथे ती चौथ्यात शांतपणे चढली, पण वरच्या वळणावर थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिनातून बरणीत खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. ते ठोकणे होते. पॉइंटची प्लेट थोडी मागे फिरवून इग्निशन (ठिणगीची वेळ) उशिराचे केले आणि कार्बोरेटरचा मुख्य जेट एक नंबर मोठा घातला, तेव्हा आवाज गेला. नवे ज्वलनकक्ष मिश्रण लवकर जाळते, त्यामुळे जुन्या हेडचे टायमिंग याला मुळात नकोच होते. प्लगचे पोर्सिलेन आता फिकट तपकिरी दिसते. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) दर तीनशे किलोमीटरला तपासतो आहे आणि इनलेट सीट अजून जागची हललेली नाही.

एक्झॉस्टचा पोर्ट मात्र अजून मूळ हेडची नक्कल करूनच काढलेला आहे. त्याचा नवा कोअर बॉक्स मेस्त्रींच्या ओट्यावर तयार आहे, दोन्ही टोकांना आधार असलेला, आणि ओतकाम पाऊस संपल्यावर.